चौघांचं कोडं

१

शब्दकोडं सोडवणारी माणसं दोन प्रकारची. एक पेनाने लिहिणारी आणि दुसरी शहाणी. माझी ताई पेनाने लिहिते, मग खाडाखोड करते आणि कोडं रचणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. आमचा धाकटा तर लिहीतच नाही. तो मोटार शिकवायच्या शाळेत नोकरीला आहे. दिवसभर लोकांच्या चुका सोसून आल्यावर, म्हणतो, घरी तरी मला चूक-बरोबर नको. तो नुसता मधे मधे जोक मारतो.

आणि आई पेन्सिलीने लिहिते. आमचे वडील लिहायचे तसंच, अक्षर चौकोनाला कुठेही न टेकवता.

वडील गेल्यावर आईने बोलणं टाकलं. भांडण नाही, रडणं नाही, नुसती गप्प. फोन केला की "हं", "जेवले", "ठेवू?" एवढंच. माझ्या जिवाला घोर लागला होता. मी शंभर वेळा म्हटलं, इकडे माझ्याकडे ये. लग्नाच्या भानगडीत मी पडलो नाही, घरात जागाच जागा आहे. पण ती हलेना. "माझं घर आहे, मी मरेपर्यंत इथेच," हे एक वाक्य मात्र ती पूर्ण बोलायची.

मग धाकट्यानेच डोकं चालवलं. रोज संध्याकाळी चौघांनी एकाच फोनवर यायचं आणि पेपरातलं कोडं सोडवायचं. नियम एकच. मी वाचणार, आणि आई "हरले" म्हणेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही.

आणि काय सांगू, आई बोलायला लागली! पहिल्याच आठवड्यात ताईला म्हणाली, "तुझं डोकं आहे की खोकं?" आम्ही तिघं भावंडं आपापल्या घरी बसून लहान मुलांसारखे खूश झालो.

२

फोन जोडायचं काम माझ्याकडे. मी फर्निचरच्या कारखान्यात आहे, करवतीच्या मशीनवर. त्या मशीनने माझे कान खाल्ले आहेत. त्यामुळे मी आतल्या खोलीत टेबलाशी बसतो आणि डोक्यावर ते मोठे, गादीवाले हेडफोन चढवतो. आवाज पूर्ण वर. ताई म्हणते, तुझ्या मागे घर पडलं तरी तुला कळायचं नाही.

ते आजोबा पहिल्यांदा कधी बोलले, मला खरंच आठवत नाही. बहुतेक रिकिबीच्या दिवशी. 'घोड्यावर चढताना पाय ठेवायची कडी, तीन अक्षरं.' आईने लगाम म्हणून पाहिलं, खोगीर म्हणून पाहिलं आणि म्हणाली, "हरले बाई." ताईला येईना. धाकटा म्हणाला, "घोड्याला क्लच असतो का?" आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "रिकीब."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. घाई नाही, मोठेपणा नाही. मला तो जरा दबका आला, गोधडीत तोंड घालून बोलावं तसा.

"वा, आजोबा!" धाकटा ओरडला.

मला वाटलं, ताईचे सासरे. ते तिच्याकडेच असतात, वाचन दांडगं. असतील बसले बाजूला. चांगलंच झालं म्हटलं, एक मेंबर वाढला.

मग ते रोजच बोलायला लागले. पण शिस्त अशी की आईने "हरले" म्हटल्याशिवाय चकार शब्द नाही. आमचा धाकटा इतक्या वेळा सांगून ऐकत नाही, आणि हे न सांगता पाळायचे. आईला त्याचं फार कौतुक. "किती स्वच्छ बोलतात रे," ती म्हणायची. "अगदी जवळ बसून सांगितल्यासारखं."

"मला तर नीट ऐकूही येत नाही," मी म्हणायचो.

"तुला तुझं नाव तरी कुठे ऐकू येतं!" ताई म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

३

पहिला खडा लागला तो धोट्याच्या दिवशी.

त्या दिवशी माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. कारखान्यात साहेबाशी वाजलं होतं. मी वाचत होतो एक आणि माझी पेन्सिल टेकलेली होती भलत्याच ओळीवर. मी वाचलं, "धातू वितळवायचं भांडं, दोन अक्षरं." आई हरली.

"धोटा," आजोबा म्हणाले.

सगळे हसले. आजोबा पहिल्यांदा चुकले होते. धातू कुठे आणि विणकराचा धोटा कुठे! ताई म्हणाली, "अहो, मूस! मूस असेल." आणि मूस बरोबर बसलं.

मीही हसलो. मग खाली पाहिलं. माझ्या पेन्सिलीचं टोक जिथे टेकलं होतं तिथे छापलं होतं, 'मागावर इकडून तिकडे धावतो. दोन अक्षरं.' ते मी अजून वाचलंच नव्हतं.

असेल, म्हटलं. त्यांच्याकडेही पेपर असणार. माणूस एक ओळ पुढेमागे वाचतो. एवढ्यातेवढ्यात घाबरायला मी काय कुकुलं बाळ आहे? मी धोटा लिहिला आणि पुढे गेलो. पण मनातून ते जाईना. त्यांना नेमकी तीच ओळ का दिसावी?

त्याच सुमारास आणखी एक भानगड. माझ्या मागे, पलंगाशेजारी, एक वेताची खुर्ची असते. मीच केलेली. लाकूड साग, बैठक मीच विणलेली, मन लावून. बसायला म्हणून आणली आणि झाली कपड्यांची खुंटी. आमच्या घरात कपाटाच्या आधी तीच भरते. एकदा कोडं संपवून हेडफोन काढले आणि मागे वळलो, तर कपडे पलंगावर आणि खुर्ची रिकामी.

मीच ठेवले असतील. एकटा राहणारा माणूस घरातल्या निम्म्या गोष्टी झोपेतच करतो. मी कपडे उचलून परत खुर्चीवर टाकले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पलंगावर होते, आणि या वेळी घडी घातलेले.

मी स्वतःवरच वैतागलो. म्हटलं, विसराळूपणा ठीक आहे, पण मी कधी घड्या घातल्या आयुष्यात?

४

ताईचा दुपारी कारखान्यात फोन आला. इकडचं तिकडचं बोलताना म्हणाली, "सासरे धाकट्या दिरांकडे गेलेत ना, घर कसं रिकामं रिकामं वाटतं."

"कधी गेले?"

"झाला की महिना."

मशीन चालू होतं. मी ते बंद केलं. "मग काल कसर कोणी सांगितलं? पुस्तकाची कीड?"

"ते? ते धाकट्याचे घरमालक ना?"

मी धाकट्याला फोन लावला. तो मोटारीत होता, शिकाऊ माणूस शेजारी. म्हणाला, "माझे घरमालक? दादा, ते भाडं मागण्यापलीकडे माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. ते आजोबा तुझे शेजारी आहेत ना?"

माझ्या शेजारी एक नवरा-बायको राहतात, दोघंही तिशीतले.

आम्ही तिघांनी त्या एका माणसाला प्रत्येकी दुसऱ्याच्याच घरात बसवलं होतं, आणि महिनाभर आम्ही त्याला "वा, आजोबा" म्हणत होतो.

संध्याकाळी आम्ही तपासायचं ठरवलं. आईला कळू द्यायचं नाही, ती घाबरेल. नेहमीसारखा फोन जोडला. मी वाचलं, "दाराला आतून घालायचा आडवा दांडा, तीन अक्षरं."

"कडी नाही... अडसर चार होतं..." आई पुटपुटत होती. ठरल्याप्रमाणे ताईने फोन बंद केला. मग धाकट्याने. आता लाइनवर उरलो आई आणि मी, दोघंच.

"हरले," आई म्हणाली.

मी श्वास धरून बसलो. कानात नुसती खरखर.

"आगळ," ते म्हणाले.

"अय्या हो, आगळ!" आई खूश झाली. "आमच्या माहेरी होती की!"

"आई," मी म्हटलं, आवाज होईल तेवढा साधा ठेवला. "तुझ्याकडे कोणी आलंय का?"

"माझ्याकडे कोण येतंय मेलं?"

"मग हे आजोबा?"

"ते तुझ्याकडचे ना रे?" आई म्हणाली. "मला पहिल्यापासून वाटतं, तुझ्याकडेच बसलेले असतात."

तिला माहीतच नव्हतं. कोणीतरी तिच्या घरात, तिच्या जवळ बसून बोलत होतं, आणि तिला ते फोनमधलं वाटत होतं. मला दुसरं काही सुचलंच नाही. माझा स्वभाव हा असा. एकदा डोक्यात शिरलं की शिरलं.

५

सकाळची पहिली बस पकडून मी आईकडे गेलो. रस्ताभर पाय हलवत होतो. शेजारच्या माणसाने शेवटी जागा बदलली.

आईने दार उघडलं तर हातात लाटणं. "अगं बाई, तू? कामावर सुट्टी का?"

मी उत्तर दिलं नाही. आधी स्वयंपाकघर पाहिलं. न्हाणीघर पाहिलं. वडिलांचं कपाट उघडलं, कोट बाजूला सारून मागची फळी ठोकली. स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. तिथे पिंप, जुनी गादी आणि धूळ. धुळीत कोणाच्या हातापायाची खूण नाही. खिडक्यांचे गज एकेक करून हलवून पाहिले. मागच्या दाराची कडी गंजलेली, कित्येक दिवसांत उघडलेली नाही. शेजारीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही हो, त्यांच्याकडे चिटपाखरूही येत नाही. तुम्हीच कोणीतरी येत जा."

म्हणजे माणूस नव्हता. आणि माणूस नसेल तर मग मला तिला तिथे एक क्षणही ठेवायचं नव्हतं.

"बॅग भर," मी म्हटलं.

आई खाली बसली. "काय झालंय ते तरी सांगशील?"

काय सांगणार होतो? "डॉक्टर म्हणालेत, एकटं राहायचं नाही," मी ठोकून दिलं.

"कुठला डॉक्टर? मी कुठे गेले होते डॉक्टरकडे?" तिचा आवाज चढला. मग एकदम उतरला. "अरे, माझी खिडकी आहे इथे. त्यांची खुर्ची आहे. मला नको नेऊस रे."

ती रडली. वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी मनाचा दगड केला आणि तिच्या साड्या माझ्या हाताने बॅगेत कोंबल्या. कुलूप लावताना तिने दाराला हात लावला आणि म्हणाली, "येते हं."

त्या ओढाताणीत तिचा फोन पायरीवर आपटला. इकडे आल्यावर मी तो कारखान्याशेजारच्या दुकानात दुरुस्तीला टाकला.

६

माझी आतली खोली मी तिला दिली. पलंग, टेबल, खिडकी, सगळं. मी बाहेरच्या खोलीत गादी टाकली.

संध्याकाळचा फोन आता बाहेरच्या खोलीतूनच व्हायचा. आई आणि मी शेजारी शेजारी, मधे फोन, आवाज मोठा केलेला. हेडफोन खिळ्याला टांगून ठेवले. पहिल्या दिवशी मी प्रत्येक "हरले"नंतर श्वास रोखून धरला. कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धाकटा म्हणाला, "आजोबा कुठे गेले?" मी त्याला असा झापला की बिचारा कोडं संपेपर्यंत गप्प बसला.

सुटलो, म्हटलं. जे काय होतं ते त्या घरात राहिलं. मी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

फक्त आईचं बरं नव्हतं. पुन्हा "हं", पुन्हा "जेवले". कोड्यात तिचं लक्ष नसे. ओळ वाचली की लगेच "हरले" म्हणून टाकायची. मला वाटायचं, होईल सवय. माझ्या तोंडावर ती एकदाच म्हणाली, "तू मला जिवंतपणी उचलून आणलंस." मला ते लागलं. पण तुझा जीव वाचवला, असं तिला सांगणार कसं?

मग हळूहळू ती खुलायला लागली. मी कामावरून आलो की चहा तयार. एकदा तर मी दार उघडलं तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला. मी म्हटलं, चला, रुळली. ताईलाही फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बघ, उगाच घाबरत होतास."

आणि परवा मी घरी आलो तेव्हा बाहेरच्या खोलीत त्या दिवसाचा पेपर पडला होता. कोडं पूर्ण भरलेलं. उभे, आडवे, सगळे. आईचं अक्षर, चौकोनाला कुठेही न टेकलेलं. अवघडातला अवघड शब्दही रिकामा राहिला नव्हता.

"हे काय?" मी हसतच विचारलं. "आमच्याशिवायच? कोणी मदत केली?"

"आजोबांनी," आई आतून म्हणाली.

"कसे? फोन कुठे आहे तुझा? तो तर अजून दुकानात आहे."

"फोन कशाला लागतोय?" आई म्हणाली. "ते इथेच तर असतात."

७

मी बाहेरच्या खोलीत उभाच राहिलो. पिशवी हातातच होती.

त्या संध्याकाळी तपासताना आम्ही ताईला काढलं होतं. धाकट्याला काढलं होतं. आईला काढायची गरजच पडली नाही. आणि मला कोण काढणार? फोन मी जोडलेला, कोडं मी वाचणारा. मी सगळ्यांची घरं मोजली आणि माझं घर मोजायचं राहून गेलं.

तो आवाज बाकीच्यांना स्वच्छ यायचा, कारण तो माझ्या फोनमधून त्यांच्याकडे जायचा. मलाच तो दबका यायचा. मला तो हेडफोनमधून येतच नव्हता. हेडफोनच्या बाहेरून, त्या जाड गाद्यांच्या पलीकडून यायचा. माझ्या मागून, जिथून माझी पेन्सिल कुठे टेकली आहे ते दिसतं तिथून. आणि आईने तर त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, तुझ्याकडेच बसलेले असतात.

तिच्या घरात काहीच नव्हतं. एक खिडकी होती आणि वडिलांची खुर्ची. मी तिला तिथून ती रडत असताना उचलली आणि आणून ठेवली ती नेमकी या खोलीत.

मी आत गेलो. खिडकीतून ऊन येत होतं. आई पलंगावर मांडी घालून बसली होती, मांडीवर आदल्या दिवसाचा पेपर, कानामागे पेन्सिल. वेताची खुर्ची पलंगाला अगदी लागून ओढलेली. माझे कपडे घडी घालून टेबलावर.

खुर्चीवर कोणी नव्हतं. पण ती बैठक मी विणली आहे. नवा वेत कसा ताणलेला असतो ते मला ठाऊक आहे, आणि त्यावर माझ्या दोन-चार शर्टांपलीकडे कधी काही टेकलं नव्हतं. आता तो वेत मधोमध खोल गेला होता, वर्षानुवर्षं एकाच माणसाने बसून वापरलेल्या खुर्चीचा जातो तसा. मी बघत असताना तो आणखी जरासा दबला. कुरकुरला. कोणीतरी मला जागा द्यायला म्हणून सरकून बसलं होतं.

"आई, ऊठ," मी म्हटलं. "चल, तुझ्या घरी जाऊ. आत्ताच्या आत्ता. तुला जायचं होतं ना? मी चुकलो. चल, खिडकी आहे तुझी तिथे."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा किती दिवसांनी इतका मोकळा होता.

"आता नको रे," ती म्हणाली. "तिथे कोण आहे मला? तुम्ही तिघं घड्याळ बघून बोलता. हे दिवसभर बोलतात."

"आई, ऐक माझं—"

"बस जरा. उभ्या उभ्या काय? एवढा एकच राहिलाय." तिने कानामागची पेन्सिल काढली, पेपर डोळ्यांजवळ नेला आणि मनातल्या मनात ती ओळ वाचली. ओठ हलले, पण मला ऐकू आलं नाही. मी तिचा हात धरला. तो उबदार होता. तिने तो हळूच सोडवून घेतला.

"हरले बाई," आई हसून म्हणाली आणि खुर्चीकडे वळली.

माझ्या डोक्यावर हेडफोन नव्हते. या वेळी मला स्वच्छ ऐकू आलं.